कॉम्प्युटरला कल्हई

भाऊबीज आटोपून मी बीडहून वडवणीला परत निघाले, तेव्हा हातात फराळाची पिशवी होती आणि मांडीवर जुन्या सतरंजीत बांधलेलं एक जडसं गाठोडं. २०२३ सालची गोष्ट. एसटीत शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं, "काय गं, शिलाई मशीन का?" म्हटलं, "नाही मावशी, कॉम्प्युटर आहे." त्यांनी एकदा गाठोड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग खिडकीबाहेर बघत बसल्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी गाठ सोडली. आत पिवळट पडलेली, धुळीने माखलेली, टाइपरायटरसारखी चपटी पेटी. वरच्या ओळीत दहा लाल बटणं, एवढीच काय ती शोभा. सासूबाई म्हणाल्या, "दिवाळीला लोक भंगार घराबाहेर काढतात. तू ओवाळणीत भंगार घेऊन आलीस?"

खरं तर ती ओवाळणीच होती. आमच्या जुन्या शाळेची अडगळीची खोली रिकामी झाली आणि सामान भंगारात गेलं. माझा भाऊ तिथे पंखा बघायला गेला होता. त्याने तिथूनच फोन केला, "ताई, तुझ्या शाळेतला तो कॉम्प्युटर आठवतो का गं? इथं पडलाय. दीडशे रुपये म्हणतोय." मी म्हटलं, "यंदा साडी राहू दे, तेवढा घेऊन ठेव."

मैत्रिणींनो, मी काही इंजिनिअर नाही. बारावी झाली, लग्न झालं, वडवणीत आले. ह्यांचं खतांचं दुकान, माझं शिवणकाम. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. २००१ साली राज्यात एमएस-सीआयटी सुरू झालं आणि आपल्यासारख्या कितीतरी जणींनी ते केलं, तसं मीही केलं. पण तो कोर्स कॉम्प्युटर वापरायला शिकण्याचा. पेटीच्या आत काय असतं, हा त्याचा विषयच नव्हता. मग पन्नाशीला टेकल्यावर हे खूळ कुठून आलं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

चपला बाहेर काढा

मी आठवीत होते, १९८८ साल असेल. शाळेत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खिडक्यांना पडदे, खाली सतरंजी आणि दाराशी पाटी, 'चपला बाहेर काढा'. सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचे, आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. मग पाळीपाळीने मशीनपाशी जायचं. आधी मुलांची पाळी. मुलींची पाळी येईस्तोवर तास संपायचा. एकदा मी हळूच बोट पुढे केलं, तर मागून आवाज आला, "ए पोरी, हात लावू नको! बिघडलं तर बापाला भरून द्यावं लागंल."

हे वाक्य माझ्या कानात पस्तीस वर्षं राहिलं. घरात मिक्सर आला, फ्रीज आला, वॉशिंग मशीन आलं. नवीन वस्तू आली की माझा हात आधी मागे जायचा. पोरांनी आणि ह्यांनी लावून बघायचं, मग मी. गंमत म्हणजे शिलाई मशीन मात्र मी स्वतः पूर्ण खोलते, तेल देते, शटल काढून साफ करते. कारण ते आईचं जुनं होतं आणि त्याला हात लावू नको असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं.

शाळेतलं ते मशीन म्हणजे 'बीबीसी मायक्रो'. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीसाठी ते बनवलं आणि डिसेंबर १९८१ मध्ये ते बाजारात आलं. बीबीसीला टीव्हीवरून घराघरांत कॉम्प्युटर शिकवायचा होता, त्यासाठी हे मशीन. आपल्याकडे केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि त्यात हेच मशीन निवडलं. सुरुवातीला अडीचशेच्या आसपास शाळा होत्या. पुढे देशभरातल्या शाळांना मिळून अशी सुमारे १२ हजार यंत्रं वाटली गेली. त्यातलंच एक आमच्या शाळेत आलेलं.

त्याची मेमरी किती? फक्त ३२ केबी. आपल्या मोबाईलमधला एक साधा फोटो तीन एमबीचा धरला, तर तेवढा एक फोटो ठेवायला अशी जवळजवळ शंभर यंत्रं लागतील! पण त्याला कमी लेखू नका. याच कंपनीने पुढे 'आर्म' नावाची चिप तयार केली. एप्रिल १९८५ मध्ये ती पहिल्यांदा चालवून पाहिली, ती बीबीसी मायक्रोलाच जोडून. आज आपल्या जवळपास सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आर्म पद्धतीची चिप असते. त्या चिपची आज्ञावली आखली सोफी विल्सन यांनी, आणि बीबीसी मायक्रोची 'बेसिक' भाषाही त्यांनीच लिहिलेली. स्टीव्ह फर्बर हे त्यांचे सहकारी. म्हणजे दीडशे रुपयांचं ते भंगार आपल्या मोबाईलच्या आजोळचं माणूस म्हणायला हरकत नाही.

दहा मिनिटांत धूर

आता माझी चूक सांगते. आल्या दिवशी संध्याकाळीच, दिवाबत्ती झाल्यावर, मी प्लग लावून बटण दाबलं. आधी एक जाडा आवाज आला, मग एक बारीक. टूं-टीं! लाल दिवा लागला. मी अक्षरशः टाळी वाजवली. पस्तीस वर्षांपूर्वी शाळेच्या दाराबाहेरून ऐकलेला आवाज, तोच!

दहा मिनिटं झाली असतील. आतून 'फट्' असं झालं आणि पांढरा धूर. वास तर असा की घरभर राहवेना. ह्यांनी पळत जाऊन मेन स्विच बंद केला. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "घर पेटवतीस का गं?" ह्यांनी एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी हे देऊन टाक. या घरात पुन्हा प्लगला लावायचं नाही."

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. धुराची भीती नव्हती. सारखं तेच मनात येत होतं, हात लावला आणि बिघडलंच की!

सकाळी गाठोडं उचललं. पण भंगारवाल्याकडे न जाता पाय वळले आमच्या टीव्हीवाल्या चाचांकडे. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या काळापासून दुरुस्ती करणारे. आता काम फारसं नाही, पण दुकान रोज उघडतात. त्यांनी मागचे-खालचे चार स्क्रू काढले. त्या स्क्रूंच्या शेजारी कंपनीनेच 'फिक्स' असं लिहिलंय. आतल्या बाजूला वीजपुरवठ्याची लोखंडी डबी. ती उघडली, आणि एक छोटासा, पिवळसर पारदर्शक तुकडा चिमट्यात धरून मला दाखवला. तडकलेला, अर्धा जळलेला.

"ताई, मशीन नहीं जला. उसका पहरेदार जला," चाचा म्हणाले.

तो होता कपॅसिटर. भिंतीतून येणाऱ्या विजेतली खरखर गाळून घेणं एवढंच त्याचं काम. त्याच्या पोटात कागदाच्या गुंडाळ्या असतात आणि वरून प्लॅस्टिक. वर्षं गेली की प्लॅस्टिकला बारीक चिरा पडतात, हवेतला ओलावा आत जातो, कागद दमट होतो. मग वीज लागली की तापतो आणि फुटतो. या जातीच्या मशीनमध्ये हा बिघाड ठरलेलाच. बाकीचं मशीन बहुतेक वेळा धडधाकट असतं.

मी विचारलं, "म्हणजे माझ्या हातून नाही ना गेला?"

चाचा हसले. "कोणीही चालू केला असता तरी हेच झालं असतं. तो वयानं गेला. तुमच्या हातानं नाही."

मैत्रिणींनो, इतकं साधं वाक्य. पण मला ते कोणीतरी आठवीतच सांगायला हवं होतं.

आमचा तह

घरी येऊन मी ह्यांच्याशी तह केला. विजेची डबी चाचांच्या हाती, बाकी सगळं माझ्या हाती. चाचांनी पास केल्याशिवाय घरात प्लग लावायचा नाही. आणि लावला तर बटणवाल्या बोर्डावर, घरात दुसरं माणूस जागं असताना. हे "बघू" म्हणाले. आमच्याकडे "बघू" म्हणजे होकार.

लेक तेव्हा पुण्यात शिकत होती. तिला यादी पाठवली. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथून तिने कपॅसिटर आणले. एक ०.१ मायक्रोफॅरडचा, एक ०.०१ चा, दोन्हींवर 'एक्स-टू' असा छाप. म्हणजे थेट घरच्या विजेवर बसवायला चालणारे. जुने कागदाचे होते, हे नवे प्लॅस्टिकच्या पट्टीचे, ओलावा न पिणारे. त्याच डबीतला २२० मायक्रोफॅरडचा एक म्हातारा कपॅसिटरही चाचांनी लगे हाथ बदलला. सगळे सुटे भाग मिळून शंभराच्या आत.

चाचांनी ते बसवून आधी 'सिरीज बोर्डा'वर लावलं. ही आपल्या मेकॅनिक लोकांची जुनी युक्ती. मशीनच्या वाटेत एक साधा शंभराचा बल्ब असतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटून राहतो आणि मशीन वाचतं. आमचा बल्ब एकदा चमकला आणि मंद झाला. चाचांनी मान डोलावली. मग मल्टिमीटर लावून पाच व्होल्ट नीट येतात का ते बघितलं. पाचाच्या जवळपास हवेत, जास्त झाले तर चिप जातात.

मिसळणाचा डबा

माझं काम सुरू झालं दुपारी, जेवणं-भांडी आटोपल्यावर. शिवणाच्या टेबलावर जुनी सुती चादर अंथरली. पहिली गोष्ट, प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो. कुठली वायर कुठे होती, हे नंतर आठवत नाही. दुसरी गोष्ट, स्क्रू. जुना मिसळणाचा डबा घेतला. मोहरीच्या वाटीत पेटीचे स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत कीबोर्डचे, हळदीच्या वाटीत बाकीचे. सांगते, यापेक्षा चांगली सोय बाजारात मिळायची नाही.

आत काय नव्हतं! खडूची भुकटी, झुरळांची विष्ठा, पालीच्या अंड्यांची टरफलं, आणि एक चार आण्याचं नाणं. कोणा पोराच्या खिशातून पडलं असेल. मऊ ब्रशने सगळं झटकलं. बटणं दोन क्रोशाच्या सुया दोन्हीकडून घालून अलगद वर उचलली. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतली आणि वाळत घातली. उन्हात नाही हं, सावलीत. हे प्लॅस्टिक उन्हानेच पिवळं पडतं. सासूबाई येता-जाता बघत होत्या. "कुरडया घातल्यासारखं मांडलंय सगळं," म्हणाल्या. पण पाय चुकवून गेल्या, एकही बटण तुडवलं नाही.

मग चिप. मोठ्या काळ्या चिप खोबणीत बसवलेल्या असतात, त्यांच्या पायांवर वर्षानुवर्षांचा मळ चढतो आणि वीज नीट जात नाही. चिप हलक्या हाताने उपसायची, मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणाऱ्या आयपीए नावाच्या द्रवाने पाय पुसायचे, परत बसवायची. या कामाला बसताना सिंथेटिक साडी नको. थंडीत आपल्या कोरड्या हवेत पदर चटचट वाजतो ना, तीच वीज चिपला मारते. मी सुती गाऊन घालून बसायचे आणि आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचे.

सगळं जोडून चाचांच्या दुकानात नेलं, चालू केलं, तर नुसता एक लांबच लांब आवाज. टूंऽऽऽ. 'टीं' काही येईना. मशीन मेलं की काय! तीन दिवस मी त्या पेटीकडे बघितलं नाही. चौथ्या दिवशी सासूबाईंनीच पोथी वाचायचं भिंग आणून माझ्यापुढे ठेवलं. "नीट बघ की एकदा. सुई टोचली नसली तर टाका उसवतोच." भिंगातून एकेक चिप तपासली, आणि सापडलं. एका चिपचा पाय बसवताना आत दुमडला होता. अठ्ठावीस पायांतला एक! चिमट्याने सरळ केला, पुन्हा बसवली. टूं-टीं!

कल्हईचं शास्त्र

राहिला पडदा. माळ्यावरचा जुना डबा टीव्ही खाली काढला. पण या मशीनची चित्राची खुंटी वेगळीच, गोल फिरवून अडकवायची. मी ती बाजारात कॅमेरे बसवणाऱ्या मुलाला दाखवली. तो म्हणाला, "काकू, ही तर आमच्या सीसीटीव्हीची बीएनसी." वीस रुपयांचा कनेक्टर दिला. टीव्हीला जोडला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. 'बीबीसी कॉम्प्युटर ३२ के', त्याखाली 'बेसिक', त्याखाली बाणाच्या टोकासारखी एक खूण. मशीन वाट बघत होतं. रंग नव्हते, त्या खुंटीतून काळं-पांढरंच चित्र येतं. मला तेवढं पुष्कळ होतं.

आता दोन बटणं चालेनात. खालच्या पट्टीवर त्यांच्या पायांचा सोल्डर तडकला होता. चाचा म्हणाले, "ये आप करो." मी घाबरले. गरम सळई, वितळणारी तार, कसं जमायचं? चाचांनी विचारलं, "कल्हईवाला बघितलाय ना?"

बघितला नसेल अशी आपल्या वयाची बाई आहे का? भांडं आधी चांगलं तापवायचं, नवसागर टाकून मळ जाळायचा, मग कथील फिरवलं की लख्ख. थंड भांड्यावर कथील धरत नाही, नुसते गोळे होतात. सोल्डरिंगचं शास्त्र अगदी तेच. तारेत कथीलच असतं, बऱ्याचदा त्यात शिसं मिसळलेलं. नवसागराचं काम करणारा फ्लक्स तारेच्या पोटातच भरलेला असतो. सळईने आधी जोड तापवायचा, मग तार जोडाला लावायची, सळईला नाही. ती आपोआप पाझरते आणि चकचकीत बसते. आधी एका फुटक्या रेडिओच्या पट्टीवर दोन आठवडे सराव केला, बोट दोनदा पोळलं, तेव्हा कुठे ती दोन बटणं केली. चाललीच की! शिसं असतं म्हणून हे काम खिडकीपाशी करायचं, लहान मुलांना लांब ठेवायचं आणि नंतर हात साबणाने धुवायचे, तेवढं विसरू नका.

छत्तीस वर्षांनी तपासलेली वही

संक्रांतीला माहेरी गेले, तेव्हा आईच्या ट्रंकेतून माझी आठवीची वही काढून आणली. आईने आमच्या वह्या टाकल्या नव्हत्या. त्यात सातच्या पाढ्याचा प्रोग्रॅम होता, मी लिहिलेला. चार ओळींचा. खाली सरांची लाल खूण, बरोबर.

घरी येऊन जसाच्या तसा टाइप केला. पडद्यावर उमटलं, 'मिस्टेक ॲट लाइन ३०'. तिसावी ओळ बघितली. 'प्रिंट'च्या स्पेलिंगमध्ये 'आय' आणि 'एन' उलटसुलट! छत्तीस वर्षं ती चूक लाल खुणेखाली तशीच बसलेली. आधी हसू आलं. मग वाटलं, सरांनी तरी तो मशीनवर कधी चालवून बघितला असेल का? की त्यांनाही कोणी म्हटलं असेल, 'सर, सांभाळून, बिघडलं तर पगारातून कापतील'? माझा त्यांच्यावरचा इतक्या वर्षांचा राग त्या दिवशी निम्मा झाला. त्या पडदेवाल्या खोलीत आम्ही सगळेच घाबरलेले होतो.

अक्षरं सरळ केली. सात, चौदा, एकवीस... सत्तर. हे दुकानातून आले होते, मागे उभे राहून बघत होते. तेवढ्यात लाइट गेली. वीज गेली की या मशीनच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं. मी हळहळले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः माळ्यावर चढून आमच्या लग्नातला टेपरेकॉर्डर काढला. कारण ह्या मशीनचे प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात ठेवता येतात. चाचांनी जुन्या ॲम्प्लिफायरची पाच पिनांची वायर जोडून दिली. आता सातचा पाढा कॅसेटवर आहे. ऐकला तर चिरचिर किड्यांसारखा वाजतो.

आठ ठिपके, आठ ओळी

सगळ्यात मजा पुढे आली. मशीनला इंग्रजी येतं, मराठी येत नाही. पण आपल्याला हवं ते अक्षर शिकवायची सोय त्यात आहे. कशी? ठिपक्यांची रांगोळी! आठ ठिपके, आठ ओळी. डावीकडून ठिपक्यांची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. एका ओळीत जे ठिपके भरायचे, त्यांची बेरीज लिहायची. अख्खी ओळ भरली की २५५, ती झाली शिरोरेघ.

'व' असा होतो: २५५, २, ६२, ६६, ६६, ६२, २, २. वाटल्यास चौकटीच्या वहीत भरून बघा. शिरोरेघ, उजवीकडे काना, डावीकडे पोट. 'व्हीडीयू २३, २२४' लिहून पुढे हे आठ आकडे द्यायचे, की २२४ नंबरच्या जागी 'व' बसतो. पहिल्यांदा मला काही दिसेना. चालू होताना मशीन 'मोड ७' मध्ये असतं, त्यात असली अक्षरं उमटत नाहीत. 'मोड ४' केला तेव्हा दिसली. 'ड' आणि 'ण' यांनी चार दिवस घेतले. रांगोळीच्या वहीत खोडरबरने भोक पडलं.

एका संध्याकाळी सासूबाई टीव्हीसमोर थबकल्या. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, साक्षरतेच्या वर्गात उतारवयात अक्षर शिकलेल्या. इंग्रजी येत नाही म्हणून त्या पडद्याकडे कधी नीट बघतच नव्हत्या. त्यांनी बोट लावत लावत वाचलं, "व... ड... व... णी. अगं, हे तर आपलं गाव!"

दुसऱ्या दिवशी शेजारणींना त्यांनीच बोलावून आणलं.

तुम्हाला करायचं असेल तर...

* जुनं मशीन मिळालं की लगेच प्लग लावू नका. माझ्यासारखा धूर काढून बसाल. आधी जाणत्या मेकॅनिककडून वीजपुरवठ्याची डबी तपासून घ्या. प्लग काढला तरी तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून ती स्वतः उघडू नका.

* डबा टीव्ही, काचेच्या नळीचा मॉनिटर कधीही खोलू नका. आत हजारो व्होल्ट असतात. ॲपलचे १९८४ पासून आलेले छोटे मॅकिन्टॉश पडदा आणि मशीन एकाच पेटीत असलेले होते. तसलं काही हाती लागलं तर ते पूर्ण मेकॅनिकच्याच हाती द्या.

* घरात जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्याच्या आतल्या पट्टीवर बॅटरी आहे का ते मेकॅनिककडून बघून घ्या. टॉर्चमधला सेल पाझरून पांढरी-हिरवी बुरशी धरतो, तसंच तिथेही होतं आणि पट्टी कुरतडली जाते. मशीन वापरायचं नसलं तरी ती बॅटरी आधी काढून ठेवा.

* सुरुवातीला लागतं ते इतकंच: चांगला स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, मऊ ब्रश, भिंग, साधा मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न. माझी हत्यारं साडेसहाशेत झाली.

* एका वेळी एकच गोष्ट बदला, मग चालू करून बघा. चार गोष्टी एकदम केल्या तर बिघाड कशात होता ते कळत नाही.

* दुरुस्त झालेलं मशीन महिन्यातून एकदा थोडा वेळ चालवा, सुती कापडाने झाका, पावसाळ्यात ओलीपासून जपा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम धरतो.

भिशीत मैत्रिणी विचारतात, "यातून मिळतं काय गं?" पापड केले तर विकता येतात, ब्लाउजचे पैसे येतात, याचे काय? खरं आहे, याचा एक रुपयासुद्धा येत नाही. चाचांनीही माझ्याकडून मजुरी घेतली नाही, मग मी त्यांच्या नातीचा ईदचा फ्रॉक शिवून दिला. पण गेल्या उन्हाळ्यात मिक्सर बंद पडला तेव्हा माझा हात मागे गेला नाही. प्लग काढला, खाली वळवला, ओव्हरलोडचं लाल बटण दाबलं, झालं. पूर्वी मी त्यासाठी हे घरी यायची वाट बघितली असती.

आमच्या गल्लीत एक आठवीतली मुलगी आजीजवळ राहते. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. संध्याकाळी ती माझ्याकडे काज-बटण करायला येते. परवा पडद्यावरचं 'वडवणी' बघून ती टेबलाजवळ आली. दोन्ही हात पाठीमागे धरलेले. मला ते हात ओळखीचे वाटले.

"काकू," तिने विचारलं, "हात लावू का?"

म्हटलं, "लाव की. बिघडलं तर दोघी मिळून उघडू."